गाव दे

१

दुपारी उगालीचा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा पोटात गेला की टँकरचा ड्रायव्हर अर्धा झोपलेलाच असतो. हे मी रागाने म्हणत नाही. माझा नवरा ड्रायव्हर, सासरा ड्रायव्हर, आणि मी त्यांच्यावर नजर ठेवणारी. रात्री आमच्या कंपनीचे टँकर चालत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं झोपेचा धोका टळला. झोपेला घड्याळ कुठलं कळायला? सरळ रस्ता, काचेतून अंगावर येणारं ऊन आणि पाठीशी हिंदकळणारं पेट्रोल, एवढं तिला पुरतं.

मकाम्बाकोच्या फाट्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर आमची रेडिओची खोली आहे. दोन टेबलं, दोन खुर्च्या, भिंतीवर दार-एस-सलामपासून तुंडुमाच्या सीमेपर्यंतचा नकाशा. छताला एक पंखा, जो फिरताना टक् टक् वाजतो. खालून दिवसभर टायरवर हातोडे पडत असतात. सकाळी किहवेले बाबा बसतात, दुपारी मी. बाबांनी आयुष्यभर टँकर चालवला. आता गुडघे गेले आणि जीभ तेवढी राहिली. त्यांची खुर्ची बसताना कुरकुरते आणि उठताना त्याहून जास्त, अगदी मालकासारखी.

ड्रायव्हर जागा आहे हे रेडिओवरून कसं ओळखायचं? "जागा आहेस का?" विचारलं तर झोपलेला माणूसही "हो" म्हणतो. मग मला कोड्यांची युक्ती सुचली. आमच्याकडे पोरं संध्याकाळी अंगणात कोडी घालतात तशीच. मी म्हणायचं "कोडं", त्याने म्हणायचं "घाल". उत्तर आलं तर पुढे जा. नाही आलं तर गाव द्यायचं. हरलेला गाव देतो, घालणारा त्या गावाला मनातल्या मनात जाऊन येतो, तिथल्या गमती सांगतो आणि मग उत्तर सांगतो. जिभेवर गाव पटकन आलं नाही, तर मी समजते गडी पेंगलाय. लगेच गाडी बाजूला घे, चाकांना दगड लाव आणि झाडाखाली झोप.

साहेब लोक हसले. म्हणाले, तुसाजिग्वे, हे काय बालवाडीचं काम आहे? पण कोडी सुरू झाल्यापासून आमचा एकही टँकर उलटला नव्हता. त्याचा मला इतका माज होता की मी नवा कितेंगे, म्हणजे छापील सुती कापडाचा झगा, शिवून घेतला, हिरवा, पिवळ्या पक्ष्यांचा, आणि डोक्यालाही त्याचंच फडकं बांधून ऐटीत कामावर येऊ लागले.

मगाया म्हणजे आमच्यातला सगळ्यात वात्रट ड्रायव्हर. त्याच्याशी रोज असं चालायचं.

"कोडं," मी म्हणायची.

"घाल ताई, तेवढंच पोटाला."

"जाईन तिथे माझ्यामागे येते, दमत नाही, जेवायला मागत नाही."

"जेवायला मागत नाही म्हणजे माझी बायको नक्कीच नाही. हरलो."

"गाव दे."

"घे, दार-एस-सलाम दिलं. लहान गाव द्यायची आमच्या खानदानात पद्धत नाही."

"गेले दार-एस-सलामला. तुझी सासू भेटली. मला पिलाव वाढला, तुला शिव्या वाढल्या. म्हणाली, जावयाला सांग, उत्तर सावली आहे."

मग सगळ्या गाड्यांमधले ड्रायव्हर हसायचे, आणि हसणारा माणूस झोपत नाही. लहानपणी भाऊ हरला तर बहीण त्याच्या वतीने गाव द्यायची. घरच्या माणसाने दिलेलं गाव चालायचं. असुकिले, माझा नवरा, तर मुद्दाम हरायचा आणि म्हणायचा, "अतूची आई, तूच दे माझ्या वतीने." सगळ्या रस्त्यासमोर लाडात यायचा मेला.

२

त्या दिवशी मी जेवून वर आले, कुलूप काढलं, रेडिओपाशी बसले आणि मगायाला हाक मारली.

"कोडं."

"परत?" मगाया म्हणाला. "मघाशीच तर घातलंस. आणि आधी त्याचं उत्तर दे. गाव घेऊन गेलीस ती गेलीसच."

"मी आत्ता येतेय जेवून. कुणी घातलं?"

"तू. तुझाच आवाज. कोडं घालण्याआधी खाकरतेस तशी खाकरलीससुद्धा."

मला वाटलं नेहमीची चेष्टा आहे. म्हटलं, "असं? काय घातलं मग मी?"

"घरधनी झोपलाय, घर चालतंय. डोकं खाजवून खाजवून केस गेले. शेवटी म्हटलं हरलो. तू म्हणालीस गाव दे. समोर पाटी दिसली, तेच दिलं. इकोंगा."

"तू आणि लहान गाव?"

"जांभया येत होत्या गं. दार-एस-सलाम म्हणायला तोंड फार उघडावं लागतं."

मी हसले. खरंच हसले. त्याला पुढच्या तळावर थांबून झोपायला सांगितलं, आणि तो कुरकुरत थांबला.

ऊन उतरायच्या आत इकोंगाला दुसऱ्याच कुणाचा तरी पेट्रोलचा टँकर उलटला. बाजाराच्या मधोमध. टँकर उलटला तर मला भीती टँकरची वाटत नाही, बादल्यांची वाटते. पेट्रोल वाहताना दिसलं की लोक घरातल्या बादल्या, पातेली, पाण्याचे पिवळे डबे घेऊन धावतात. फुकटचं पेट्रोल म्हणजे पोरांची फी. कुणाचा तरी स्टोव्ह पेटलेला असतो, कुणीतरी मोटारसायकलला किक मारतं. इकोंगालाही तसंच झालं. आमच्या खोलीच्या खिडकीतून पूर्वेला काळा धूर दिसत होता, आणि खाली टायरवाल्यांचे हातोडे थांबले होते.

रेडिओवर मगाया एकच वाक्य बोलला. "ताई, मी सहज दिलं गं ते गाव."

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या बोलण्याची नोंद करणारं यंत्र खोलीतच आहे. बाबांना बसवलं आणि दुपारचं बोलणं पुन्हा लावलं.

आधी मगायाचं "घाल". मग थोडी शांतता. मग तो गुणगुणतो, विचार करतो, "हरलो बुवा" म्हणतो. पुन्हा शांतता. "घे, इकोंगा दिलं."

कोडं कुठेच नव्हतं. मी बाबांकडे विजयाने बघितलं. "पाहा. एकटाच बरळतोय. झोपेत होता."

"शांतता पुन्हा लाव," बाबा म्हणाले. "आवाज मोठा कर."

त्या शांततेत काहीतरी वाजत होतं. टक् टक्. मी वर पाहिलं. आमचा पंखा वाजत होता, यंत्रातून आणि छतावरून, एकाच चालीत. आणि त्यामागे टायरवर पडणारे हातोडे. म्हणजे त्या वेळी कुणीतरी याच खोलीतल्या रेडिओचं बटण दाबून धरलं होतं. मी तेव्हा खाली टपरीवर चिप्स आणि अंडं खात होते, बाबा माझ्या समोर बसून दात कोरत होते, आणि खोलीची किल्ली माझ्या छातीशी होती.

"बटण अडकलं असेल," मी म्हणाले. "उन्हाने प्लॅस्टिक फुगतं."

"असेल," बाबा म्हणाले. त्यांनी सिगारेट काढली आणि न पेटवता पुन्हा ठेवली. "तुसा, मी एकदा चालिन्झेला डोळे मिटले आणि उघडले तेव्हा पूल मागे पडला होता. वळणं, चढ, पोलिसाची चौकी, सगळं मागे. मला काही आठवत नव्हतं. गाडी अगदी आपल्या बाजूला, नीट. तेव्हा देवाचे आभार मानले. नंतर कधीतरी मनात यायचं, ती गाडी कुणी हाकली?"

"तुम्हीच. सवयीने हात चालतात."

"तेच म्हणायचो मी. पण कामाला हात लावणारा मजुरी मागतोच की."

"बाबा, मला घाबरवू नका."

"मी स्वतःलाच सांगतोय," ते म्हणाले, आणि उठताना त्यांची खुर्ची कुरकुरली.

ही कुरकुर मी नंतर पुन्हा त्या नोंदीत ऐकली. मगाया "हरलो बुवा" म्हणतो त्याच्या जरा आधी. कुणीतरी बाबांच्या खुर्चीत नीट सरसावून बसल्यासारखी.

४

मी रडणारी नाही, मी कामाला लागणारी. त्या कोड्याचं उत्तर शोधायचंच म्हणून मी इरेला पेटले. घरधनी झोपलाय, घर चालतंय. भांडी घासताना, बसमध्ये, चर्चमध्ये माझ्या डोक्यात तेच. गोगलगाय? तिचा घरधनी झोपला तर घर थांबतं. होडी? कासव? अतू, माझी मुलगी, इटुलाला सासूबाईंकडे राहते. तिला फोनवर विचारलं. सासूबाई हमरस्त्याच्या कडेला बादलीने बटाटे विकतात, आणि अतू शाळा सुटल्यावर तिथेच ट्रक बघत बसते.

"सोप्पं आहे," अतू म्हणाली. "बाबा गाडीत झोपतात ते."

मी उभ्याउभ्या उडीच मारली. चालत्या गाडीत झोपलेला ड्रायव्हर. पेंगलेल्या माणसाला हे कोडं कधीच सुटणार नाही, कारण उत्तर तोच आहे. आणि जागा असेल त्याला सुटल्याशिवाय राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांना मी ठणकावून सांगितलं. "ऐका रे बाबांनो. माझ्या आवाजात कुणीही 'घरधनी झोपलाय, घर चालतंय' असं विचारलं, तर गाव द्यायचं नाही. कुणाचंही नाही. म्हणायचं, 'मीच तो'. आणि लगेच गाडी थांबवायची. दगड लावायचे आणि झोपायचं."

"आणि खरंच तू विचारलंस तर?" असुकिलेने विचारलं.

"तरी झोपायचं. बायकोचं ऐकून कधी कुणाचं वाईट झालंय?"

आणि ते चाललं. काय सांगू, ते चाललं. आधी मगाया थांबला, मग सॉन्गेयाचा एक गडी, मग असे कितीतरी. प्रत्येक जण सांगायचा, कोडं आलं, मीच तो म्हणालो, रेडिओ खट्कन बंद झाला. रस्त्याच्या कडेने झाडाझाडाखाली आमचे टँकर उभे आणि ड्रायव्हर चटईवर पालथे. माल उशिरा पोचतो म्हणून साहेबांचे फोन येत होते. मी म्हणायची, उशिरा का होईना, पोचतो तर. माझे पाय जमिनीवर नव्हते. वाटायचं, सगळा रस्ता मी माझ्या ओच्यात धरून ठेवलाय.

दारातून आत येताना मला बाबांची खुर्ची रोज माझ्या टेबलाकडे वळलेली दिसायची. बाबा ती खिडकीकडे करून जातात. मी ती परत खिडकीकडे करायची आणि म्हणायची, वाऱ्याने फिरली असेल.

५

असुकिले त्या खेपेला वजनकाट्याच्या रांगेत अडकला होता. धड झोप नाही, धड जेवण नाही. मकाम्बाकोवरून तो गेला तेव्हा मी खिडकीतून हात केला. त्याने हॉर्न वाजवून सगळा फाटा दणाणून सोडला. अतूसाठी शाळेचं दप्तर घेतलं होतं, गुलाबी, चाकांचं. दिवस मावळायच्या आत इटुलाला पोचून ते द्यायचं, म्हणून तो थांबायला तयार नव्हता.

"असुकिले, आवाज जड लागतोय तुझा. थांब."

"भुईमूग खातोय म्हणून. अतूची आई, आज थांबायचं नाव काढू नकोस. पोरीला शब्द दिलाय."

"कोडं."

"घाल."

"माझ्या घराला दारच नाही."

"अंडं. झालं समाधान?"

उत्तर बरोबर होतं. मी त्याला जाऊ दिलं. नवरा आनंदात असला की बायकोलाही पुढचं दिसत नाही, तसं झालं.

बराच वेळ रेडिओ गप्प होता. मी नकाशावर बोट ठेवून बसले होते. आता तो इटुलाच्या उतारापाशी येत असेल. हातोडे वाजत होते, पंखा टक् टक् करत होता. मग रेडिओतून असुकिले म्हणाला, "घाल."

मी काही विचारलं नव्हतं.

मी बटण दाबलं. "असुकिले, मी नाहीये ती. थांब. मीच तो म्हण आणि थांब."

माझं त्याला ऐकूच गेलं नाही. तो त्याच्या लाडिक, झोपाळू आवाजात हसला. "हे येतं मला. परवाच कुणीतरी सांगितलं... अतूनेच की. थांब हां, जिभेवर आहे."

"मीच तो," मी ओरडत होते. "मीच तो म्हण."

"गेलं बघ," तो म्हणाला. "हरलो."

मागे बाबांची खुर्ची कुरकुरली. मी एकटीच होते खोलीत. मान वळवली नाही मी. माझ्याने वळवलीच गेली नाही. पण समोरच्या खिडकीच्या काचेत मागचं टेबल दिसत होतं, आणि त्या टेबलाशी हिरवं काहीतरी होतं, पिवळ्या ठिपक्यांचं.

"गाव?" असुकिले रेडिओत म्हणाला. दमलेल्या माणसाला एकच गाव आठवतं, घरचं. मला माहीत होतं तो काय म्हणणार. उताराच्या तळाशी बाजार, बाजाराच्या कडेला बटाट्यांच्या बादल्या, बादल्यांपाशी बसलेली अतू. "घे," तो म्हणाला. "इ..."

"मी देते," मी रेडिओ सोडून मागच्या खुर्चीला म्हणाले. "त्याच्या वतीने मी देते. घरच्याचं चालतं. मकाम्बाको घे. मकाम्बाको दिलं."

खुर्ची कुरकुरली, उठताना कुरकुरते तशी. जिन्यावर कुणी उतरलं नाही. पण माझ्या मानेला जाणवणारी ऊब गेली.

"अतूची आई," असुकिलेचा आवाज आला, एकदम स्वच्छ, घाबरलेला. "मी उताराच्या वरती उभा आहे. ब्रेक ओढलेला आहे. मी कधी ओढला?"

६

मी देऊन बसले होते अख्खं गाव. पण इकोंगाला कुणाला आधी माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं. हा विचार आला आणि माझ्या अंगात असा जोर आला की जिना मी पायऱ्या न बघता उतरले.

"रस्ता बंद करा," मी टायरवाल्यांना म्हणाले. "टँकर उलटणार आहे इथे. फांद्या टाका."

आमच्याकडे गाडी बंद पडली की रस्त्यावर हिरव्या फांद्या टाकतात, मागच्याने सावध व्हावं म्हणून. टायरवाल्यांनी निलगिरीच्या फांद्या तोडल्या आणि फाट्याच्या तिन्ही बाजूंनी पसरल्या. कुणी विचारलं नाही मला कसं कळलं. इकोंगाचा धूर सगळ्यांनी पाहिला होता. मी टपरीवाल्यांच्या चुलींवर पाणी ओतलं, शिव्या खाल्ल्या, दिल्याही. मोटारसायकलवाल्या पोरांना हाकललं. बाबा आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी दारोदार जाऊन सांगत होते, "बादली घेऊन जो बाहेर येईल त्याची बादली त्याच्या डोक्यात घालीन." बघता बघता फाटा रिकामा झाला. भर बाजाराच्या दिवशी, भर उन्हात, एक कोंबडी नव्हती रस्त्यावर. माझं काळीज उडत होतं, आणि खरं सांगते, भीतीने नाही. हुशारीने मी मृत्यूला चकवलं होतं, या आनंदाने.

मग तो आला. पश्चिमेच्या चढावरून, कुणाचा कोण जाणे, रंग उडालेला टँकर. फांद्यांवरून चुरचुरत आला, वेग कमी न करता. मी दुकानाच्या भिंतीशी होते. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा मला आत दिसलं. ड्रायव्हरची मान खिडकीला टेकली होती, तोंड उघडं, गाढ झोपला होता बिचारा. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. स्टिअरिंगवर दुसरे हात होते. हिरव्या बाह्यांचे, पिवळे पक्षी असलेले. मी चेहरा बघितला नाही, कारण बघायची वेळ आली तेव्हा मी माझ्याच डोक्यावरचं फडकं चाचपत होते.

फाट्यावर टँकर वळला आणि सावकाश आडवा झाला. पेट्रोल गटारीतून वाहत गेलं. चूल नव्हती, बिडी नव्हती, माणूस नव्हतं. ड्रायव्हरला टायरवाल्यांनी काच फोडून काढलं. कपाळाला खोक पडली होती, बाकी धड होता. आग लागली नाही. कुणीच मेलं नाही. लोकांनी लांबून टाळ्या वाजवल्या, कुणी गाणं धरलं, आणि मी, अतूची आई, रस्त्यात बसून हसत होते आणि रडत होते.

७

वर गेले तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. मला असुकिलेला सगळं सांगायचं होतं. मी बटणाला हात लावणार तोच रेडिओ बोलला. आवाज माझा होता. आधी ती खाकरली.

"गेले होते मकाम्बाकोला," ती म्हणाली. "दारं बंद. चुली विझलेल्या. कुणी ये म्हणालं नाही, कुणी बस म्हणालं नाही. रिकामं गाव गावात धरत नाहीत. दुसरं दे."

मी हात मागे ओढला. ती थांबली होती. पंखा टक् टक् करत होता, खोलीतून आणि रेडिओतून.

तेव्हापासून मी झोपलेले नाही. बाबा कॉफी आणून देतात, पाठीत धपाटे घालतात, अधूनमधून म्हणतात, "तुसा, 'मीच ती' म्हण आणि मोकळी हो." तेही करून पाहिलं. "मीच ती," मी म्हणाले. रेडिओतून माझंच हसू आलं. गाव मी आधीच कबूल केलंय ना; आता उत्तराने भागत नाही. फक्त पेंगत बोलायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे. दमलेल्या माणसाच्या तोंडून घरचंच नाव निघतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

म्हणून असुकिलेला निरोप पाठवला. अतूला आणि सासूबाईंना इटुलाहून हलव. कुठेही ने, पण कुठे नेतोस ते मला सांगू नकोस. फोनवर नाही, रेडिओवर नाही, कधीच नाही. अतू जिथे असेल तेच माझं घर, आणि तेच नाव माझ्या जिभेवर येईल. माझी मुलगी कुठे आहे हे मला माहीत नसलेलं बरं. त्याचं उत्तर आलं, "बरं, अतूची आई." त्याने भांडण केलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आज दुपारी बाबा खाली जेवायला गेलेत. हातोडे वाजताहेत. ऊन डोळ्यांवर येतंय, आणि पापण्यांखाली वाळू गेल्यासारखं झालंय. इतक्यात रेडिओ खरखरला आणि माझ्या पोरीचा आवाज आला. इतके दिवस ऐकला नव्हता तो आवाज. आनंदाने नुसता फुटत होता.

"आई, कोडं."

माझ्या तोंडून सवयीने "घाल" निघून गेलं.

"बाबांनी आम्हाला नव्या गावात आणलंय. इथे नदी आहे, आणि लाल छपराची शाळा आहे, आणि समोरच डोंगर. ओळख कुठलं?"

लाल छपराची शाळा. नदी. डोंगर. मी या रस्त्यावर जन्म काढलाय. मी लगेच ओळखलं. नाव जिभेवर येऊन बसलं आहे. मी अतूच्या आवाजामागे कान लावते आहे, कोंबड्यांचा आवाज येतोय का, नदीचा येतोय का, असुकिले तिच्या हातातून रेडिओ ओढून घेतोय का.

"हरलीस, आई?" अतू म्हणते आहे.

तिच्या मागून, रेडिओतूनच, टक् टक् ऐकू येतंय, आणि टायरवर पडणारे हातोडेही. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आहे, आणि मला फार झोप येते आहे.